माडाच्या गुळाचा ग्लेझ लावून भाजलेला मासा

ग्लेझ, म्हणजे चकाकणारा गोड लेप, माशाला शेवटच्या पाच-सहा मिनिटांत लावायचा. या लेखातलं बाकी काही विसरलात तरी एवढं विसरू नका.

आमच्याकडे गोव्यात, फोंड्याला मासा म्हणजे हुमण (नारळाचं कालवण), सुकं किंवा रवा लावून तळलेले काप. ओव्हन घरात आला तो केकसाठी. त्यामुळे पहिल्यांदा त्यात मासा केला तेव्हा तळायच्या कापांना मसाला चोळतात तसा मी गुळाचा पाक चोळला, तासभर तसेच ठेवले आणि ओव्हन 220 वर करून ट्रे आत सरकवला. दहाव्या मिनिटाला स्वयंपाकघर धुराने भरलं. काप वरून काळेकुट्ट, कडूजहर, आणि मधोमध काट्याजवळ कच्चे. चांगला, जाड चोणक होता तो. फार वाईट वाटलं.

नंतर कारण कळलं. पाकात पाणी आहे तोवर त्याचं तापमान 100 अंशांच्या आसपास अडून राहतं. पाणी उडालं की ते भराभर चढतं. साखर साधारण 160 अंशांच्या पुढे तांबूस होते आणि थोड्याच वेळात करपते. गुळात साध्या साखरेखेरीज फळांत असते तसली साखरही असते, ती त्याच्याही आधी रंग बदलते. माशाचं मांस 50 ते 60 अंशांतच घट्ट होतं, पण तेवढी ऊब कापाच्या मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. दोघांना एकदम आत घातलं तर पाक जळतो तेव्हा मासा अर्ध्या वाटेवरच असतो. म्हणून आधी मासा जवळजवळ शिजू द्यायचा आणि मग त्याच्यावर पाक चढवायचा.

गोव्यात नव्याने राहायला आलेल्या, ओव्हनमध्ये कधी मासा न केलेल्या माणसालाही हे जमतं. तयारीसकट तास-सव्वा तास लागतो, त्यातला हाताला काम असलेला वेळ जेमतेम अर्धा तास.

मासा कोणता

जाड काप पडतील असा मासा हवा. माझी पहिली पसंती चोणकाला. मांस पांढरं, पाकळ्या मोठ्या, वास सौम्य, त्यामुळे गोड-आंबट लेप त्याच्यावर उठून दिसतो. चोणक खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यात राहतो. आपल्या नद्यांत आणि खाजन शेतांच्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनींच्या, मानशींवरही (पाण्याच्या दारांवरही) तो सापडतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा समुद्राचा मोठा मासा बाजारात कमी होतो आणि जो येतो तो बराचसा बाहेरून, बर्फातून आलेला असतो. त्या दिवसांत नदीचा चोणक मिळाला तर सोडू नका.

मोडसोही उत्तम. त्याच्या मांसात तेल असल्यामुळे एखादं मिनिट जास्त झालं तरी तो सांभाळून घेतो, नवशिक्याला याचा फार आधार वाटतो. इसवण, म्हणजे सुरमई, सगळ्यांना आवडते पण ती लवकर कोरडी पडते. पहिल्या खेपेला ती घेऊ नका, हात बसला की घ्या. तांबोशी अख्खी करायला सुंदर. बांगडे आणि तारले मात्र या पद्धतीला नकोत. त्यांचा वास आणि तेल इतकं जोरकस असतं की गुळाशी त्यांचं पटत नाही. त्यांना आंबट-तिखट लाल रेशाद मसाला किंवा तिरफळं घातलेलं हुमणच शोभतं.

बाजारात, मग तो पणजीचा असो, मापशाचा असो की मडगावचा, सकाळी दहाच्या आत जा. मासेविक्रेतीला कल्ले उघडून दाखवायला सांगा. चांगली विक्रेती सांगायच्या आधीच मासा उचलते, अंगठ्याने कल्ल्याचं झाकण वर करते आणि म्हणते, "पळय बाये, ताजो आसा." आतला रंग लालभडक किंवा गडद गुलाबी हवा. तपकिरी, राखाडी झाला असेल तर पुढच्या पाटीकडे जा. डोळे फुगीर आणि स्वच्छ, अंगावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा यावा. नाकात झोंबणारा, औषधासारखा वास आला तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. जुलै 2018 मध्ये इथे माशांतल्या फॉर्मेलिनवरून (मासा टिकवायला वापरल्या जाणाऱ्या घातक रसायनावरून) मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून आमच्या घरात मासा हातात घेतल्यावर पहिल्यांदा नाकाशी नेतात.

काप मधल्या भागाचे, एक इंच जाडीचे, सगळे सारखे मागा. खवले काढायला सांगा पण कातडं राहू द्या, भाजताना तेच मासा धरून ठेवतं. मोठा मासा कापून देतात. काही बाजारांत कापणारे वेगळे बसतात आणि त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. चार माणसांना चार काप, मिळून साधारण 700 ग्रॅम.

ग्लेझसाठी

माडाचा गूळ 60 ग्रॅम, कोकमाचं आगळ 2 मोठे चमचे, लसणीच्या 4 पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, 2 सुक्या लाल मिरच्या, 4-5 तिरफळं, अर्धी वाटी पाणी, आणि शेवटी एक लहान चमचा लोणी किंवा खोबरेल तेल.

माडाचा गूळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: रेंदेर माडावर चढून सूर, म्हणजे माडाचा गोड रस, काढतो, ती न आंबवता आटवली की हा गूळ होतो. रंग काळपट तपकिरी, चव किंचित खारट, आणि धुराचा वास. मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात याचे छोट्या शंकूसारखे, वर निमुळते होत गेलेले गोळे मिळतात. दोदोल या गोव्याच्या मिठाईत हाच घालतात. या ग्लेझमध्ये जो खोल, भाजका गोडवा येतो तो याच्यामुळे. उसाचा गूळ चालतो, पण मग चव सरळसोट गोड होते आणि मी त्यात आगळ अर्धा चमचा वाढवते. पावसाळ्यात हा गूळ पाझरतो, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

आगळ म्हणजे पिकलेल्या भिरंडांचा (कोकमाच्या फळांचा) मीठ घालून काढलेला दाट रस. त्यात मीठ भरपूर असतं हे ध्यानात ठेवा. ग्लेझमध्ये वेगळं मीठ घालायचं नाही. आगळ नसेल तर 7-8 आमसुलं पाव वाटी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून घट्ट पिळून घ्या. तेही नसेल तर माडाचा व्हिनेगर एक मोठा चमचा घाला. त्याची आंबट धार जास्त तीक्ष्ण असते, पण गुळाशी ती छान जुळते. दोन्ही एकत्र करू नका.

मिरची रंगाची घ्या, आगीची नको. काणकोणची खोला मिरची मिळाली तर फार बरं, नाहीतर काश्मिरी.

आधी मिठाचं पाणी

हा टप्पा लोक गाळतात. गाळू नका. अर्धा लिटर थंड पाण्यात 25 ग्रॅम मीठ विरघळवा आणि काप त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मीठ वजन करून घ्या असं मी मुद्दाम सांगते, कारण मिठागराचं जाड मीठ आणि पाकिटातलं बारीक मीठ यांचा एकच चमचा वजनाला अगदी वेगवेगळा भरतो.

याने दोन गोष्टी होतात. मीठ आतपर्यंत सारखं लागतं. आणि भाजताना माशातून अंड्याच्या पांढऱ्यासारखं जे काही बाहेर येऊन कापाच्या कडेला साकळतं, ते बरंच कमी येतं. ते खराब नसतं, माशातलंच प्रथिन असतं, पण त्याच्यावर ग्लेझ धरत नाही, पापुद्रा होऊन सुटतो.

पंधरा मिनिटांनी काप काढा आणि स्वच्छ सुती फडक्याने दोन्ही बाजूंनी टिपून कोरडे करा. टिपून झाल्यावर न झाकता वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. हात लावला तर कापाचा पृष्ठभाग किंचित चिकट लागला पाहिजे, ओला नाही. ओल्या माशावरून पाक ओघळून ट्रेमध्ये जातो आणि तिथे जळतो.

पाक करताना

मासा फ्रिजमध्ये असताना हे करा. मिरच्या कोमट पाण्यात भिजवून लसूण-आल्याबरोबर गुळगुळीत वाटा. तिरफळं फोडून आतली काळी बी टाकून द्या, ती दाताखाली कचकचते. नुसती सालं खलबत्त्यात एकदाच ठेचा, वाटू नका. वाटलं तर कडवटपणा उतरतो.

स्टीलच्या छोट्या पातेल्यात गूळ आणि पाणी घालून मंद आचेवर विरघळू द्या आणि गाळून घ्या. माडाच्या गुळात बऱ्याचदा बारीक कचरा असतो. पातेलं स्टीलचंच घ्या. अॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात कोकमाचा आंबटपणा धातूला लागतो आणि चव बिघडते. गाळलेल्या पाण्यात आगळ, वाटण आणि तिरफळाची सालं घालून मध्यम आचेवर उकळी आणा.

आता पातेल्याजवळून हलू नका. सुरुवातीला बुडबुडे बारीक आणि घाईचे असतात, पांढरट फेस वर येतो. पाच मिनिटांच्या आसपास ते मोठे होतात, सावकाश फुटतात, फुटताना पातेल्याचा तळ क्षणभर दिसतो. रंग वीटकरीवरून जांभळट तपकिरीकडे सरकतो. तिरफळाचा वास गुळाच्या धुरकट वासात मिसळून घरभर होतो. याच वेळी चमचा बुडवून उलटा धरा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ भरून न येता तशीच राहिली की आच बंद. एकतारी पाकापर्यंत जाऊ देऊ नका, गार झाल्यावर तो फार दाट आणि चिकट होतो. गरम असताना मधापेक्षा थोडा पातळ वाटेल तेच बरोबर आहे, निवताना तो दाटतो. सालं काढून टाका आणि लोणी घालून ढवळा. चकाकी त्या लोण्याने वाढते.

फार दाटला तर चमचाभर गरम पाणी घालून सारखा करा. चाखून पाहा: जिभेवर आधी गोड, लगेच आंबट, आणि गिळल्यावर घशात मिरचीची ऊब राहिली पाहिजे.

यातला दोन मोठे चमचे ग्लेझ आत्ताच वेगळ्या वाटीत काढून ठेवा. तो ताटात वाढायला. कच्च्या माशाला लागलेला ब्रश ज्या वाटीत बुडतो त्यातला पाक पानात घ्यायचा नाही.

ओव्हन

ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) 200 अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटं तापवा. दिवा आधीच विझेल, तरी थांबा, कारण हवा लवकर तापते पण पत्रा आणि जाळी तापायला वेळ लागतो. घरगुती ओटीजीच्या बटणावर पूर्ण भरवसा ठेवू नका. मी आत एक छोटा थर्मामीटर ठेवला तेव्हा कळलं की माझ्या ओव्हनचं 200 म्हणजे खरं 180 आहे. तेव्हापासून मी बटण 220 वर फिरवते.

ट्रेवर बेकिंगचा कागद घाला. मला त्याऐवजी केळीचं पान आवडतं. पान गॅसवरून फिरवून मऊ करा आणि कापांच्या खाली जेवढं लपेल तेवढंच कापा, बाहेर राहिलेल्या कडा जळतात. पानाला तेलाचं बोट फिरवा. कापांना चिमूटभर हळद, मिरपूड आणि एक लहान चमचा तेल हलक्या हाताने लावा. मीठ लागून झालेलं आहे. काप एकमेकांपासून दोन बोटं दूर ठेवा, खेटून ठेवले तर वाफेवर शिजतात.

वेळ वजनावर मोजू नका, जाडीवर मोजा. सर्वांत जाड जागी एका इंचाला साधारण दहा ते बारा मिनिटं, हा हिशेब पुष्कळ ठिकाणी वापरतात आणि तो माझ्याकडेही बरोबर येतो. छोट्या ओटीजीत दार उघडल्यावर उष्णता निघून जाते म्हणून मी एक-दोन मिनिटं वर धरते. इंचभर जाड चोणकाचं माझं वेळापत्रक असं आहे:

पहिली 7 मिनिटं नुसता मासा, मधल्या जाळीवर. बाहेर काढून दार लगेच लावून घ्या. वरचा भाग पांढरा आणि कोरडा झालेला दिसेल. त्यावर ग्लेझचा पातळ हात फिरवा, बाजूंनाही. पुन्हा 3 मिनिटं आत. मग दुसरा हात, हा थोडा जाड. आता ट्रे वरच्या जाळीवर ठेवा, फक्त वरचा रॉड चालू ठेवा आणि 2 ते 3 मिनिटं काचेतून बघत राहा. खरंच बघत राहा, फोन बाजूला ठेवा. पाक आधी पातळ होऊन चमकतो, मग कडेने बारीक बुडबुडे येतात, मग बुडबुडे मधोमध पोचतात आणि कडा गडद होतात. मधोमध पोचले की बाहेर काढायचं. यापुढच्या एका मिनिटात तो कडू होऊ शकतो.

एकदाच जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ हात नेहमी चांगले. पहिला हात सुकून माशाला घट्ट धरतो आणि दुसऱ्याला बसायला जागा देतो.

शिजला की नाही

सुरीचं टोक सर्वांत जाड जागी घालून थोडं वळवा. पाकळ्या सहज सुटल्या, आत सगळीकडे पांढरं आणि तरी ओलसर दिसलं म्हणजे झालं. काचेसारखा पारदर्शक भाग दिसला तर आणखी दोन मिनिटं, पण वर फॉइल सैल झाकून, म्हणजे ग्लेझ जळणार नाही. थर्मामीटर असेल तर काम सोपं: मध्यभागी 63 अंश. मी 60 ला बाहेर काढते आणि ट्रेवरच चार मिनिटं ठेवते, उरलेले अंश तो आतल्या उष्णतेवर चढतो. जेवायला लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर मात्र ओव्हनमध्येच 63 होऊ द्या.

चार मिनिटांची ही विश्रांती चुकवू नका. ओव्हनमधून काढल्या काढल्या ग्लेझ पातळ असतो आणि ओघळतो. थोडा निवला की तो घट्ट होऊन आरशासारखा दिसतो.

अख्खी तांबोशी किंवा मोठं पापलेट करायचं तर दोन्ही अंगांना काट्यापर्यंत तीन-तीन चिरा द्या, पोटात लसूण आणि कोथिंबीर भरा, आणि जाडीप्रमाणे 15 ते 20 मिनिटं धरा. ग्लेझ तेव्हाही शेवटीच. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, तिथे 185 पुरे. एअर फ्रायरमध्ये 180 वर सुरुवातीला 6 मिनिटं, मग ग्लेझ लावून 3. यातलं काहीच घरात नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर थोड्या तेलात कातड्याची बाजू खाली ठेवून झाकण घाला, मासा जवळजवळ शिजला की पाक वरून ओता आणि चमच्याने पुन्हापुन्हा त्याच्यावर घेत राहा. चकाकी येते, भाजकेपणा थोडा कमी येतो.

ताट वाढताना

उकड्या तांदळाचा भात, साधी तोय (पातळ वरण), आणि नारळ घातलेली तांबडी भाजी (लाल माठ). सोलकढी मी या जेवणात करत नाही. ग्लेझमध्ये कोकम आहेच, दोन्हीकडे तोच आंबटपणा आला की माशाची चव मागे पडते. कच्चा कांदा आणि काकडी लिंबू पिळून ठेवा. वेगळा काढलेला ग्लेझ किंचित गरम करून कापांच्या बाजूला वाढा, वरून ओतू नका. आणि संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला तर दोन पोई (गोल पाव) घेऊन ठेवा, ताटातला उरलेला पाक पुसून घ्यायला त्यासारखं दुसरं काही नाही.

उरलेला मासा डब्यात घालून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. परत ओव्हनमध्ये गरम केला तर तो चामट होतो. त्यापेक्षा गारच कुस्करून, कांदा आणि थोडी हिरवी मिरची घालून पोईत भरा. आमच्या घरी काही जण यासाठीच एक काप मागे ठेवायला सांगतात.

ट्रेवर पाक कडक होऊन बसला असेल तर तारेच्या घासणीने खरवडू नका. ट्रे गरम असतानाच त्यात उकळतं पाणी ओता आणि जेवायला बसा. जेवण होईपर्यंत गूळ विरघळून गेलेला असतो.